डबीतली सुपारी

वालूरच्या मल्लेशनं आईला काशीला पाठवायचं ठरवलं ते विमानानंच. दोन दिवस रेल्वेत बसायचं म्हटलं तर भागम्माचे गुडघे ऐकणार नव्हते, आणि गुडघे ऐकेनासे झाले की भागम्मासुद्धा कुणाचं ऐकत नसे. किराण्याचं दुकान टाकून त्याला निघता येईना, म्हणून सोबतीला बायकोला धाडलं. शिवरंजनी चौतिशीची, अंगानं भरलेली, गिऱ्हाइकाशी बोलायला खणखणीत. दोन गोष्टी मात्र तिला झेपत नसत. एक उपास, आणि दुसरी सासूची नजर. लग्नाला पंधरा वर्षं होऊन दोन लेकरं शाळेत गेली तरी भागम्मानं नुसतं वर बघितलं की हिच्या हातातलं भांडं निसटायचं.

घोळ झाला तो जातानाच झाला. हैदराबादच्या विमानतळावर तपासणीला रांग लागली होती. भागम्मा चाकाच्या खुर्चीवर, तिला वेगळ्या दारानं नेलं आणि तिथल्या बाईनं गळ्यातली चांदीची डबी नुसती चाचपून सोडून दिली. शिवरंजनीच्या वाट्याला आलेली पोलीस बाई नवी होती. तिनं डबी उघडायला लावली. लिंगायताच्या घरात बाई असो की बाप्या, प्रत्येकाच्या गळ्यात अशा डबीत आपापलं इष्टलिंग असतं. गुरूनं दीक्षेच्या दिवशी तळहातावर दिलेलं, मेल्यावर मातीत सोबत जाणारं. ते असं चारचौघांत काढून दाखवायची चीज आहे का? पण मागची माणसं ढकलायला लागली होती. हिनं घाबरून कापडात गुंडाळलेलं लिंग एका ट्रेच्या कोपऱ्यात ठेवलं, डबी दुसऱ्या ट्रेमध्ये, बांगड्या आणि फोन तिसऱ्यात. पलीकडं गेल्यावर डबी घेतली, बांगड्या घेतल्या, फोन घेतला आणि खुर्चीमागं पळत सुटली. संध्याकाळी काशीच्या मठात आंघोळ करून पूजेला डबी उघडली तर आत काही नाही.

शिवरंजनी तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसली. दुसऱ्या दिवशी सासूची नजर चुकवून तिनं विमानतळाला फोन लावला. क्या चीज है, म्हणून तिकडच्या माणसानं विचारलं. काला पत्थर है, असं ही म्हणाली. कैसा पत्थर, म्हणाला. भगवान है, म्हणाली. त्या बिचाऱ्यानं दोनदा वही पाहिली, चष्मे आहेत, पट्टे आहेत, घड्याळं आहेत, भगवान काही आलेला नाही असं अदबीनं सांगितलं.

खरं तर त्याच घडीला सासूला सांगून टाकायचं होतं. मठातच गुरू होते, दुसरं लिंग मिळालं असतं. पण शिवरंजनीच्या डोळ्यापुढं सरजाबाई उभी राहिली. सरजाबाई म्हणजे भागम्माची सख्खी जाऊ, वालूरला समोरच्याच घरात राहणारी. सात वर्षांमागं तिचं लिंग विहिरीत पडलं आणि तिनं ते दोन दिवस लपवलं. दोन दिवस स्वैपाक केला, वाढलं. लिंगाविना घोटभर पाणी गिळायचं नाही आणि बिनलिंगाच्या हातचं खायचं नाही, असा भागम्माचा नेम. कळलं त्या दिवसापासून तिनं जावेच्या घरचं पाणी सोडलं. पुढं सरजाबाईनं रीतसर नवं लिंग घेतलं, पाया पडली, रडली. भागम्मा काही बधली नाही. समोरासमोर दारं, आणि सात वर्षांत चहाची कपबशी इकडची तिकडं झाली नाही.

सरजाबाईचं निदान घर वेगळं होतं. आपण एकाच चुलीपुढं. सासूनं आपल्या हातचं सोडलं तर गावात तोंड कुठं दाखवायचं, नवऱ्यानं कुणाची बाजू घ्यायची, लेकरांनी काय बघायचं? असा सगळा विचार करून शिवरंजनीनं जे केलं ते करू नये तेच केलं. रिकामी डबी गळ्यात हलकी लागत होती म्हणून पूजेच्या सामानातली एक सुपारी कापडात गुंडाळून तिच्यात बसवली. मग रोज पहाटे चारला उठायचं, आंघोळ उरकायची आणि सासू उठली की म्हणायचं, माझी पूजा झाली, तुमी बसा. मठाच्या पंगतीत ती पोटभर जेवत होती. प्रत्येक घासाला वाईट वाटत होतं, पण घास काही थांबत नव्हता. एकदा स्वामींच्या खोलीच्या दाराशी जाऊनही आली. मागं वळून बघते तर भागम्मा काठी टेकत उभी. काय पाहिजे गं, म्हणाली. काही न्हाई, दर्शन घ्यायलते, असं सांगून ही परत फिरली.

निघायच्या दिवशी भागम्माच्या मनात आलं की आज शेवटचं, आज दोघींनी शेजारी बसून पूजा करू. शिवरंजनी म्हणाली, गाडी येऊन उभी राहिलीय, उशीर झाला तर विमान जाईल, पूजा हैदराबादला त्रिवेणीच्या घरीच करू. त्रिवेणी म्हणजे भागम्माची भाची, विमानतळाजवळच राहणारी. साडेसातचं विमान, साडेनऊला हैदराबाद, दहाला पूजा, साडेदहाला जेवण. भागम्माला हिशोब पटला. दोघी बिनपूजेच्या निघाल्या.

आणि विमानतळावर पोचतात तो बाहेर पांढरं फटक. जानेवारीतलं तिकडचं धुकं म्हणजे आपल्याकडची पहाटेची धुई नव्हे. काचेपलीकडं विमान उभं आहे म्हणत होते, त्याचं शेपूटसुद्धा दिसत नव्हतं. साडेसातचे नऊ झाले. नवाचे दहा. फळ्यावर लाल अक्षरं वाढत चालली. माणसं खुर्च्यांवर, जमिनीवर, सामानावर बसलेली, लेकरं रडायलेली, काउंटरवरची पोरगी एकच वाक्य शंभर जणांना सांगून घसा बसलेली. भागम्मानं काचेकडं बघून मत दिलं की एवढी धुई आपल्याकडं पडली असती तर हरभऱ्याचा सगळा फुलोरा गळाला असता, पण विमानाला काय फुलोरा आहे? शिवरंजनीला हसू आलं नाही. तिच्या ध्यानात भलतंच आलं होतं.

भागम्माला साखरेचा आजार. रोज सकाळी सुई, मग पूजा, मग भाकरी. सुई पोटाच्या कातड्यात जाते, तोंडानं नाही, त्यामुळं ती पूजेच्या आधी चालते, हे भागम्मानं स्वतःच ठरवलेलं. आज साडेसहा वाजले तसे शिवरंजनीनं सवयीनं सुई काढली आणि टोचून टाकली. डोकं त्या पूजेच्या भानगडीत होतं, हात आपले रोजचं काम करून मोकळे झाले. सुई घेतल्यावर अर्ध्या तासात खायलाच पाहिजे, हे डॉक्टरनं दहा वेळा बजावलं होतं. आता दहा वाजून गेले होते आणि म्हातारीच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

शिवरंजनीनं पिशवीतून कडक भाकरी काढली. वालूरहून आणलेली, शेंगाची चटणी सोबत. भागम्मानं हात आडवा केला. बिनपूजेचं खायचं नाही म्हणजे नाही. साखर उतरंल आत्याबाई, चक्कर यील, असं हिनं परोपरीनं सांगितलं. नुसता चहा घ्या म्हणाली, दोन घोट दूध घ्या म्हणाली. शेवटी भागम्माच थोडी खाली उतरली. आंघोळ इथं होणार नाही हे तिला दिसत होतं. ती म्हणाली, "हातपाय धुऊ, ईभूती लावू आन् हितंच कोपऱ्यात बसू. दोघी बी बसू. तुझी बी पूजा राहिली की. तुझ्या हातचं खायचं म्हन्ल्यावर तुझी व्हायलाच पाहिजे."

झालं. पूजेला बसायचं म्हणजे डबी उघडायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, आणि भर उजेडात, सासूच्या मांडीला मांडी लावून. तळहातावर काय घेणार, सुपारी? आणि खरं सांगावं तर सासू हिच्या हातची भाकरी शिवणार नाही, म्हणजे साखर उतरणारच. खोटं बोलावं तर ते आता उघडं पडणार, आणि पुन्हा तेच. बाई पार कात्रीत सापडली. काहीच सुचेना तेव्हा माणूस करतं तेच तिनं केलं. वेळ काढला. आता विमानाचं सांगतील, थोडं थांबा म्हणाली. बाथरूमला गर्दी आहे म्हणाली. मल्लेशला फोन लावते म्हणाली आणि खांबापलीकडं जाऊन नुसतीच उभी राहिली. शेवटी तिनं फोन लावलाही, पण त्याला काय सांगायचं? तो तिकडं विचारत होता, विमान सुटलं का. ही म्हणाली, न्हाई. तो म्हणाला, मग बसा निवांत. असे नवरे.

पंधरावीस मिनिटं गेली असतील. परत आली तर एवढ्या थंडीत भागम्माच्या कपाळावर घाम डवरलेला. हात थरथरायलेले, पदर खांद्यावरून घसरलेला, त्याची शुद्ध नाही. डोळे उघडे होते पण ओळख नव्हती. शिवरंजनीकडं बघून ती लहान लेकरासारखं म्हणाली, "सरजा, पाणी दी गं. लय तहान लागली."

शिवरंजनी धावली. शेजारच्या चहाच्या दुकानावरून साखरेच्या पुड्या मूठभर उचलल्या, विचारलंही नाही. दातांनी फाडून सासूच्या गालाआड साखर कोंबली, वर पाणी, पुन्हा साखर. म्हातारीनं तोंड फिरवलं तर एका हातानं जबडा धरला. पंधरा वर्षांत जिच्याशी वर मान करून बोलली नव्हती तिचा जबडा धरून ती ओरडत होती, गिळा, आत्याबाई, गिळा. लोक जमले. विमान कंपनीचा एक माणूस डॉक्टर बघतो म्हणून पळाला. डॉक्टर येईपर्यंत भागम्मा हळूहळू ठिकाणावर आली होती. डॉक्टरनं बोटाला सुई लावून साखर पाहिली, अजून दहा मिनिटं गेली असती तर अवघड होतं म्हणाला, आणि आता ताबडतोब काहीतरी खायला द्या असं सांगून दुसऱ्या माणसाकडं गेला.

भागम्मानं तोंड पुसलं. जिभेवर साखर अजून होती. काय झालं ते तिला कळलं आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला. बिनपूजेचं माझ्या तोंडात घातलंस, एवढंच ती म्हणाली. आवाज चढला नाही, त्याचीच शिवरंजनीला जास्त भीती वाटली. पण आता भ्यायला काही उरलं नव्हतं. तिनं गळ्यातली डबी काढली, उघडली आणि सासूच्या मांडीवर ठेवली.

"बिनपूजेचंच न्हाई, आत्याबाई. बिनलिंगाच्या हातचं घातलं. माझं लिंग जातानाच हैदराबादला ट्रेमधी राहिलं. ही सुपारी हाय."

भागम्मा सुपारीकडं बघत राहिली. किती दिवस झाले ते तिनं मनातल्या मनात मोजलं असणार. मग म्हणाली, "तुझ्या हातचं पाणी मी रोज पेले."

"व्हय."

"तू बी जेवलीस."

"जेवले," शिवरंजनी म्हणाली. "रोज जेवले. मला भूक निघत न्हाई." आणि मग मात्र ती हुंदके देऊन रडली, त्या सगळ्या परक्या माणसांत, नाकातोंडातून पाणी येईपर्यंत. सासू मरता मरता वाचली म्हणून रडली, का आपलं आता काय होणार म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बाराच्या सुमाराला विमान रद्द झाल्याचं जाहीर झालं. उद्याचं देऊ म्हणाले. हॉटेलं भरलेली, बाहेर धुकं तसंच, म्हणून दोघींनी खुर्च्यांवरच मुक्काम टाकला. भागम्मानं उठून भिंतीला धरत धरत जाऊन हातपाय धुतले, विभूती लावली, कोपऱ्यात पाठमोरी बसून एकटीनं पूजा केली. मग स्वतःच्या हातानं पिशवीतून कडक भाकरी घेतली. ती भाकरी वालूरला केलेली, तेव्हा सुनेच्या गळ्यात लिंग होतं, म्हणजे चालते, हा हिशोब तिनं केलेला शिवरंजनीला चेहऱ्यावरून कळला. सुनेला भाकरी दिली नाही. बोलली नाही. औषधाची पिशवी मात्र मागून घेतली आणि आपल्या उशाशी ठेवली.

शिवरंजनीनं ठरवलं, आता नवं लिंग मिळेपर्यंत घोटभर पाणी घ्यायचं नाही. दुपारी तीनपर्यंत हे टिकलं. चारला पोटात खड्डा पडला. पाचला ती बाथरूमच्या नावानं उठली, खांबाआड जाऊन दोन समोसे घेतले आणि उभ्या उभ्या गिळले. परत येऊन सासूशेजारी गरीब तोंड करून बसली. भागम्मानं मान न वळवता सांगितलं, तोंड पूस, चटणी हाय. त्या दिवसातलं तिचं ते शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी अकराला धुकं फाटलं आणि विमान सुटलं. त्रिवेणीच्या घरी एक मुक्काम झाला. तिथं भागम्मानं भाचीच्या हातचं खाल्लं आणि सुनेच्या ताटात काय पडतंय तिकडं पाहिलंच नाही. भाचीला ती यातलं एक अक्षर बोलली नाही. हे बरं लक्षण आहे का वाईट, शिवरंजनीला समजेना. वालूरला गेल्यावर भावकी गोळा करून सांगायचं म्हणून तर राखून ठेवलं नसेल? हैदराबादहून घराकडं निघालेल्या रेल्वेत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. आता परभणी, मग सेलू, मग घर, मग समोरासमोरची दारं. आपली चूल वेगळी मांडली जाताना तिला डोळ्यापुढं दिसत होती. पूर्णा जंक्शनला गाडी थांबली ती हलेचना. डबा निम्मा रिकामा झाला. तेव्हा भागम्मा बोलली.

"तुला माझं एवढं भ्याव वाटतंय?"

शिवरंजनीनं खोटं बोलायचं ठरवलं होतं. पण खोट्याचा तिला आता कंटाळा आला होता. "वाटतंय," ती म्हणाली.

"जीव जायलता माझा, तरी तू पूजेला भिऊन खांबाआड उभी राहिलीस."

"व्हय, आत्याबाई."

भागम्मानं मान हलवली. रागानं नव्हे, एखाद्या गोष्टीचा हिशोब जुळल्यावर हलवतात तशी.

सेलूला मल्लेश गाडी घेऊन आला होता. आईनं काशीचं काही सांगावं म्हणून त्यानं दोनतीनदा विषय काढला, मग आरशातून बायकोकडं बघितलं आणि रस्त्याकडं लक्ष दिलं. वालूरच्या वेशीत शिरल्यावर भागम्मानं गाडी घराकडं न वळवता मठाकडं घ्यायला लावली. घरात पाय टाकायच्या आधी मठात? गावच्या स्वामींपुढंच निवाडा करायचा बेत दिसतो, शिवरंजनीला वाटलं. मठात त्या वेळी स्वामी होते आणि झाडलोट करणारी धुरपताबाई होती. धुरपताबाईच्या कानावर पडलं की संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

भागम्मा स्वामींपुढं वाकली, शरणार्थ म्हणाली आणि कशीबशी खाली बसली. शिवरंजनी दाराला टेकून उभी. स्वामींनी यात्रा कशी झाली ते विचारलं. भागम्मानं सरळच सांगितलं की जाताना विमानतळावरच्या तपासणीत सुनेचं लिंग हरवलं, तिला आजच्या आज दीक्षा द्या. धुरपताबाईचा झाडू थांबला. स्वामींच्या कपाळाला आठी पडली. ते म्हणाले, किती दिवस झाले?

"आठ," भागम्मा म्हणाली. "हरवलं त्याच सांजंला तिनं मला सांगितलं. तवापासून पोरीनं अन्न शिवलं न्हाई, मला बी तिच्या हातचं दिलं न्हाई. नुसत्या दर्शनाच्या तीर्थावर हाय."

स्वामींनी शिवरंजनीकडं पाहिलं. भरल्या अंगाची, गाल वर आलेली, सकाळीच परभणी स्टेशनावर दोन प्लेटी पोहे खाल्लेली शिवरंजनी. तिनं मान खाली घातली. जन्मात खोटं न बोललेली बाई, जावेचे दोन दिवस सात वर्षं विसरली नाही ती बाई, गुरूपुढं बसून आपल्यासाठी धडधडीत खोटं बोलते आहे, हे तिच्या कानांना खरं वाटेना. डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत. धुरपताबाई मात्र हात जोडून तिच्याकडं बघत होती. आठ दिवस!

स्वामींनी धुरपताबाईला पाणी आणि बेल आणायला पाठवलं, शिवरंजनीला आंघोळ करून यायला सांगितलं. दीक्षा झाली. नवं लिंग तिच्या डाव्या तळहातावर आलं, कानात मंत्र पडला, आणि स्वामींनी हसू दाबत सांगितलं की आठ दिवसांची उपाशी आहे, हिला आता बेताबेतानं वाढा.

सगळे उठले. भागम्मा उठली नाही. मल्लेश आधार द्यायला वाकला तर तिनं त्याचा हात बाजूला केला.

"आता मला प्रायश्चित्त द्या," ती स्वामींना म्हणाली.

"कशाचं?"

"ते इचारू नका. मोठं द्या."